सहा गाद्यांमधली एक

परवा फोनवर तू वैतागून सांगत होतीस, की तुमच्या तिकडे जुनी गादी टाकायची तर आधी नगरपालिकेला कळवावं लागतं, ते दिवस ठरवून देतात, आणि त्या दिवशी ती पावसात भिजली तर न्यायला नकार देतात. मागून धाकटा ओरडला, "आजी, तुमच्याकडे बरं! काहीही कुठेही टाका!" मी हसले आणि फोन ठेवला. पण मग दिवसभर घरात येरझारा घालत राहिले. दोघांना एकदा नीट लिहून कळवावं असं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे नियम नव्हते असं नाही. घराचे होते, बिल्डिंगचे होते, म्युनिसिपालिटीचेही होते. आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूंचे तर सगळ्यात कडक होते. अडचण एवढीच, की त्यांपैकी एकही नियम दुसऱ्याला ओळखत नव्हता.

आधी घराचे सांगते. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या हाताखाली कापड टाकायचं म्हणून नसायचंच. लुगडं विरलं की मऊ भागाची दुपटी व्हायची, उरलेल्याची गोधडी. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसण्याची लादी पुसायची फडकी, आणि अगदी शेवटी उरलेली चिंधी स्टोव्हजवळ रॉकेलचे हात पुसायला. त्या चिंधीकडे बोट दाखवून त्या सांगायच्या, हे माझ्या लग्नानंतरचं पहिलं हिरवं लुगडं बरं का. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, दादरच्या घरातून आलेली. मला आधी हसू यायचं. नंतर मीही तेच करू लागले.

गाद्यांचं असं होतं, की काही वर्षांनी गादीवाला यायचा, खाली कंपाउंडमध्ये बसून गाद्या उसवायचा, कापूस पिंजायचा आणि नव्या कापडात भरून टाके घालून द्यायचा. त्या वेळी आम्ही बोरीवलीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. सहा गाद्या होत्या. सहाही एका दिवशी भरलेल्या, एकाच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाच्या. सकाळी उठलं की त्या बाहेरच्या खोलीत एकावर एक रचायच्या, वर चादर घालायची, आणि दिवसभर तीच आमची बैठक. सगळ्या एकसारख्या असल्या की चळत सरळ उभी राहते, यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत होतं. असं एकमत क्वचितच व्हायचं.

सासूबाई गेल्या त्या आतल्या खोलीत, यांतल्याच एका गादीवर. पाच-सहा महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. मी खाली रबराचं कापड घालायची, वरची खोळ दिवसाआड बदलायची, गादीला आठवड्यातून एकदा ऊन द्यायची. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, आजाऱ्याचं अंथरूण आहे असं वाटतसुद्धा नाही. तेव्हा हे ऐकायला बरं वाटायचं. पुढे तेच आमच्या अंगाशी आलं.

त्या गेल्या आणि सासरे बोलायचे बंद झाले. त्यांना मी मामंजी म्हणायची. गिरणीत मागावर जन्म घालवलेला माणूस. संपाच्या आधीच निवृत्त झाले होते. मागांच्या खडखडाटामुळे कानाला कमी आणि कापसाच्या धुळीमुळे छातीला दमा. मी दुपारी शाळेत शिकवून घरी यायची तेव्हा चहाचं आधण त्यांनी ठेवलेलं असायचं. बाजारात फिरून आले की दुकानांच्या पाट्यांवरचे इंग्रजी शब्द एकेक आठवून मला अर्थ विचारायचे. ते आता भिंतीला टेकून नुसते बसून असायचे. झोपत नव्हते. पाठ टेकायचे, लगेच उठायचे. गॅलरीत जायचे, परत यायचे. जेवायला बसले तरी गुडघा हलत असायचा.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "माका हय झोप येणा नाय गो. तेरावा झाला काय मी गावाक जातलंय."

"किती दिवसांसाठी, मामंजी?"

"कायमचा."

गावचं घर बंद होतं. भाऊबंद सगळे मुंबईत. विहीर उताराखाली. कधी दम लागला तर तांब्याभर पाणी देणारं माणूस तिथे नव्हतं. तुमच्या आजोबांनी समजावलं, मी समजावलं. ते मान हलवायचे आणि थोड्या वेळाने आपली कापडी पिशवी काढून तिच्यात धोतर ठेवायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा घडी घालून ठेवायचे. तुमची आई तेव्हा लहान होती. ते दिवस तिला मी दादरला माझ्या आईकडे ठेवलं होतं. ती परत आली आणि तिचे आजोबा घरात नसले, तर तिला मी काय सांगणार होते?

घराचा ताबा या दिवसांत ताईंकडे होता. ताई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लालबागला राहायच्या. आवाज असा, की त्या चौथ्या मजल्यावर बोलल्या तर तळमजल्याला बातमी कळावी. आईचं सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं, हा एकच ध्यास. आल्या आल्या त्यांनी सगळी अंथरुणं-पांघरुणं गच्चीवर उन्हात टाकायला लावली. आलेगेले पाहुणे हाताशी होतेच. एकेकाने एकेक गादी खांद्यावर घेतली, संध्याकाळी परत आणली. त्यांतली एक ताईंनी गॅलरीत उभी करून ठेवली आणि जाहीर केलं, "ही आईची. तेराव्याच्या आत घराबाहेर गेली पाहिजे."

मी म्हटलं, "लुगडी तर तुम्ही सगळ्यांना वाटताय. मग गादीच कशाला टाकायची?"

"लुगडं अंगावरचं. गादीवर जीव गेलाय."

"जीव देहातून गेला, ताई. गादीतून नाही."

"तू इंग्लिश शाळेत शिकलीस ना, तुला नाही कळायचं. गावाला असतो तर मसणवटीच्या कडेला ठेवून आलो असतो. संपला विषय."

गावाला विषय संपत असेल. बोरीवलीत तो तिथून सुरू झाला.

तुमचे आजोबा स्मशानात विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, साहेब, आधीच इथे गाद्यांचा ढीग झालाय, आम्हाला वरून ताकीद आहे, आता घेत नाही. भंगारवाला हाक मारल्यावर आला, गादी दाबून पाहिली. "कापसाला काय वजन?" म्हणाला आणि रद्दी आहे का ते विचारू लागला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तर जिन्यातूनच परतली. तळमजल्यावरच्या गुजराती बेन मदतीला धावून आल्या. "भाभी, वॉचमनला देऊन टाक ना. बिचारा खाली फरशीवर झोपते." वॉचमनला आनंद झाला. त्याने गादी जिन्याखाली नेऊन ठेवली. सकाळी दाराची बेल वाजली. दारात आमचे सेक्रेटरी.

"वहिनी, तुमच्यावर दुःखाचा प्रसंग आहे, मान्य आहे. पण गादी रात्रभर जिन्याखाली होती."

"वॉचमनला दिली आम्ही."

"वॉचमन सोसायटीचा. जिना सोसायटीचा. बोर्ड वाचलात का?"

बोर्ड मी पाठ म्हणू शकले असते. आदल्या वर्षी कोणीतरी ढेकणांनी भरलेली गादी कंपाउंडमध्ये टाकून दिली होती. ढेकूण पाइपावरून चढत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले. तेव्हापासून सूचना लागली होती, की जिना, कंपाउंड आणि गच्ची यांत कोणीही रात्रभर गादी ठेवणार नाही. सूचना इंग्रजीत होती आणि अशा इंग्रजीत, की जाता-येता माझा हात लाल पेन्सिलीसाठी शिवशिवायचा.

"आमच्या गादीत ढेकूण नाहीत," मी म्हटलं.

"ढेकूण काय कार्ड देऊन येतात का?"

आतून ताई ओरडल्या, "ओ सेक्रेटरी, माझ्या आईची गादी आहे ती! तोंड सांभाळून!"

"बाई, मी ढेकणांना बोललो, आईंना नाही!"

गादी परत वर आली. वॉचमनने ती पोचवून दिली. तेवढ्यात तिच्यावर कोण गेलं होतं हे त्याला कळलं असावं, कारण नंतर दोन दिवस तो माझ्याकडे बघायचा नाही.

नाक्यावर म्युनिसिपालिटीची कचऱ्याची गाडी यायची. तुमचे आजोबा गादीची वळकटी करून घेऊन गेले. गाडीवरच्या माणसाने हात आडवा केला. "आख्खी गादी नाय चालत. वर डंपिंगवर आम्हाला शिव्या पडतात. फाडा, कापूस गोणीत भरा, मग घेतो." हे येऊन सांगितल्यावर ताईंनी कपाळाला हात लावला. "आईची गादी घरात फाडायची? मी जिवंत असेपर्यंत नाही." आणि गादी पुन्हा गॅलरीत.

मग तुमच्या आजोबांना त्यांच्या ऑफिसमधल्या मित्राने सांगितलं, की असल्या गोष्टी लोक आरे कॉलनीत झाडीच्या कडेला सोडतात, नाहीतर दहिसरला नदीवर. कोणी विचारत नाही. मला ते मुळीच पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. "आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या दारात?"

"मग तू सांग ना काय करू!" ते माझ्यावर ओरडले. ते कधी ओरडायचे नाहीत. घरात तेव्हा सगळेच ओरडत होते आणि कोणीच एका जागी बसत नव्हतं. तेरावा जवळ येत होता. मामंजींची पिशवी दारामागच्या खुंटीला लागली होती.

त्याच दुपारी ते मित्राबरोबर त्याच्या स्कूटरवर मागे गादी बांधून दहिसरला गेले. नदीवर बायका कपडे धूत होत्या. त्यांनी स्कूटर उभी केली, दोरी सोडायला लागले, तोच एक बाई पाण्यातूनच ओरडली, "ए भाऊ! काय टाकतोस रे? तुझ्या घरी आणून टाकू का आमचा कचरा?" दुसरी म्हणाली, "अगं, शिकलेला दिसतोय. चष्मा बघ." तिसरीने पिळलेलं ओलं धोतर उगारलं. दोघं दोरी पुन्हा बांधून घरी आले.

जिन्यात गादी वर आणताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला हसूही येईना आणि रडूही. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत मधोमध टाकली आणि तिच्यावरच बसले. ताई म्हणाल्या, "ऊठ. ऊठ आधी तिच्यावरून."

तेव्हा मामंजी बोलले. कितीतरी वेळाने.

"बस रे बस. ही तिची नाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"ही तिची नाय," ते पुन्हा म्हणाले. "गॅलरीत मी हिका पाठ लावून बसतंय रोज. ही तिची नाय."

ताई वाकून कानाशी गेल्या. "बाबा, मी स्वतः बाजूला काढली ना!"

"कधी? गच्चीवरसून इली तेव्हा."

मग मी ताईंकडे बघितलं, ताईंनी माझ्याकडे, आणि दोघींनी एकदमच चळतीकडे. गच्चीवर सहा गाद्या गेल्या होत्या. सहा वेगवेगळ्या पाहुण्यांनी त्या आणल्या होत्या. खोळी धुवायला काढलेल्या. वास सगळ्यांना उन्हाचा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्या सगळ्यांवर सारख्याच. त्या रात्रीपासून पाहुणे त्यांवर झोपत होते, ताई झोपत होत्या, मी झोपत होते. कोण कुठल्या गादीवर, देव जाणे.

"अरे देवा," ताई खाली बसल्या. "वाट लागली."

"तुम्हीच म्हणालात सगळ्या गच्चीवर टाका," मी म्हटलं.

"मग खूण करायला नको? एवढी व्यवस्थित म्हणवतेस, डाळीच्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावतेस!"

"डाळी वेगवेगळ्या असतात, ताई!"

मी पाचही गाद्या खाली घेतल्या, सहावी होतीच. ओळीने अंथरल्या. बाहेरच्या खोलीत चार, आत दोन. गुडघे टेकून एकेक हाताने दाबत गेले. आजारी माणूस महिनोन् महिने एका कुशीवर होता, कुठेतरी खड्डा पडला असेल, कापूस बसला असेल. पण मी स्वतःच त्या गादीची आठवड्याला उलटापालट केली होती. कुठेच काही लागलं नाही. ताईंनी वास घेऊन पाहिला. तुमचे आजोबा टाके मोजायला लागले, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, पुरे.

ताईंनी निकाल दिला. "सगळ्या जायला हव्यात. सहाच्या सहा."

"आणि झोपायचं कशावर?"

"चटईवर. नव्या भरून घ्या."

"एक गादी जात नाहीये, ताई! सहा कुठे नेऊ? म्युनिसिपालिटी फाडून मागतेय, तुम्ही फाडू देत नाही. सेक्रेटरी ठेवू देत नाही, स्मशानवाला घेत नाही. नदीवर यांना मार पडायचा बाकी राहिला!"

"मग तेराव्याला काय सांगू मी लोकांना? आईची गादी हरवली?"

त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भांडत असताना बाई रडायला लागली की हातातली भांडणाची दोरी सुटते. मी पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही, पदराने नाक पुसलं आणि वडिलांकडे वळल्या.

"बाबा, तुम्ही ओळखलंत ना, ही नाही म्हणून? मग आता कुठली आहे ते सांगा."

मामंजींनी ओळीकडे पाहिलं. बराच वेळ. मग उभे राहिले, टोपी काढून खुंटीला लावली आणि पहिल्या गादीवर आडवे झाले.

ते दृश्य मला अजून जसंच्या तसं दिसतं. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलेलं. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. खाली एक म्हातारा माणूस हात छातीवर घेऊन डोळे मिटून पडलेला. थोड्या वेळाने उठायचे, "ही नाय" म्हणायचे आणि पुढच्या गादीवर जायचे. कधी कूस बदलून बघायचे. दम लागला की थांबायचे. मला वाटलं, हे थांबवावं. तुमच्या आजोबांनी माझा हात धरला.

बाहेरच्या चारही झाल्या. मग ते आतल्या खोलीत गेले. आम्ही दाराशी. खिडकीखालच्या गादीवर ते पडले. भिंतीकडे तोंड करून, एका कडेला, अर्धी गादी मोकळी सोडून. आम्ही वाट बघत राहिलो. ते उठेनात. बोलेनात. ताई पुढे होऊन "बाबा?" म्हणाल्या.

मामंजी घोरत होते.

ताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे झाले, पंखा लावला आणि एक चादर त्यांच्या पायांवर टाकली. आम्ही बाहेर येऊन दार लोटून घेतलं. चहा केला. खालून दूधवाल्या भय्याची सायकल वाजली, तेव्हा ताई दचकून म्हणाल्या, "त्याला सांगा रे, घंटी नको मारू."

पण बसवत मात्र कोणालाच नव्हतं. ताई उठून दारापर्यंत जायच्या, ऐकायच्या, परत यायच्या. मी भांडी घासलेलीच पुन्हा घासली. सगळ्यांच्या मनात एकच होतं. जी गादी घराबाहेर जायला हवी, ती हीच. आणि ती गेली, की हा माणूस पिशवी उचलणार.

दिवेलागणीला मामंजी उठले. चेहऱ्यावर गादीच्या पट्ट्यांच्या खुणा. चूळ भरली, चहा मागितला. मागितला! मी कप हातात दिला. ताई समोर बसल्या.

"कळली का हो, बाबा?"

मामंजींनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. मग बाहेरच्या खोलीत मधोमध पडलेल्या, दहिसर बघून आलेल्या त्या गादीकडे बोट केलं.

"तीच ती. पयली."

"पण तुम्हीच तर म्हणालात ती तिची नाही!"

"चुकी झाली माझी. तीच तुझ्या आवशीची."

"नक्की?"

"जल्मभर तिच्या बाजूक निजलंय. माका कळूचा नाय?"

त्यांनी चहा प्यायला सुरुवात केली. मान वर केली नाही. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या काय बोलणार, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द पुरे होता. आतली कुठली होती मग, जिच्यावर झोप लागली? एवढंच त्यांनी विचारायला हवं होतं. इतके दिवस प्रत्येक गोष्ट दहादा विचारणारी ती बाई.

त्या उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "कात्री आण गं."

"कशाला?"

"कशाला काय? फाडून हवी ना त्या मेल्यांना? फाडू. आईची गादी आहे, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. मीच फाडणार."

मी मामंजींना आतल्या खोलीत जायला सांगितलं. कापसाची धूळ त्यांना सोसली नसती. दाराच्या फटीला खालून ओलं फडकं लावलं. मग आम्ही दोघी गॅलरीत बसलो. ताईंनी टाके कापले, मी दोरे ओढले, तुमच्या आजोबांनी गोणी धरली. कापूस उडत होता. नाकात गेला, केसांत बसला, ताईंच्या भुवया पांढऱ्या झाल्या. खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींचा आवाज आला, "वहिनी, माझ्या तुळशीवर बर्फ पडतोय!"

"उद्या झाडून देते!" मी वरून ओरडले.

"ढेकूण?"

"एकही नाही! बघायला या!" ताई ओरडल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. सुतकात हसू नये म्हणून तोंड दाबलं, तर तोंडात कापूस.

मध्येच एकदा ताईंनी मूठभर कापूस हातात धरून ठेवला. "चांगला होता गं अजून," म्हणाल्या, आणि गोणीत टाकला. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्याने गोण्या एका हाताने उचलून आत फेकल्या. काही विचारलं नाही.

तेरावा झाला. आलेल्या प्रत्येक बाईला ताईंनी ठणकावून सांगितलं, की आईची गादी रीतीप्रमाणे बाहेर गेली. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. निघताना त्या वडिलांच्या पाया पडल्या. "गावाला कधी जाणार मग, बाबा?"

मामंजी म्हणाले, "बघूया मे म्हयन्यात. ह्येंका सुट्टी पडली काय सगळीच जावया."

ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिना उतरल्या.

आता मलाच स्वस्थ बसवेना. पाच गाद्या उरल्या होत्या आणि त्यांतली एक कुठली, हे मला माहीत होतं. मी शिकलेली बाई. गादीतून जीव जात नाही, असं ठणकावून सांगणारी. तरी दादरहून तुमची आई परत यायच्या आदल्या दिवशी माझ्या मनाने घेतलं, की चुकूनसुद्धा तिला त्या गादीवर झोपवलं जायला नको. पाहुण्यालाही नको. ती फक्त मामंजींची. मग मी दाराआड बसून त्या गादीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घातले. बारीक, पण शोधणाऱ्याला दिसतील असे.

मामंजींनी ते त्याच संध्याकाळी बघितले. अंथरूण घालताना कोपरा बोटांत धरून उभे राहिले. मागावर नजर घडलेली, दोरा त्यांना कसा चुकणार?

"तो दोरो काढ गो."

"का? पुन्हा मिसळली तर?"

"तिका दिसलो तर?"

ती म्हणजे ताई. मी म्हटलं, "मामंजी, त्यांना कळलंय. तेव्हाच कळलं होतं."

गादीवर बसले, पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तां खरा. तरी काढ."

मी कात्री आणली आणि चारही टाके कापून काढले. त्यानंतर ते होते तोपर्यंत, रोज सकाळी चळत रचताना ती गादी सगळ्यात शेवटी उचलायची आणि सगळ्यात वर ठेवायची, हे काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. तुमच्या आईला वाटायचं, आईला गाद्या रचायची फार हौस आहे.